अकॅडमीतल्या कोचबद्दल शंका आहे पण हातात पुरावा काहीच नाही, सांगायचं कुणाला?

मैदानवाला

नमस्कार मंडळी. तालुका सांगत नाही, मराठवाड्यातला समजा. मी एका कबड्डी अकॅडमीत सकाळी बारक्या पोरांचा सराव घेतो, मानधन नावालाच हाय पण त्याच मैदानावर वाढलोय म्हणून जातो. राहणारी तीसेक पोरं, पत्र्याचे दोन हॉल, मागं मेस आणि कोपऱ्यात सरांची खोली. सर म्हणजे मुख्य कोच. माणसाला तालुक्यात देव मानतात, त्यांची पोरं राज्याला खेळलीत, काहीजण खेळाडू कोट्यातून पोलिसात लागलेत, दहावीला ग्रेस मार्क मिळाले की बापलोकं पेढे घेऊन येतात. मलापण त्यांनीच उभं केलंय हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर म्हणाल याचं काहीतरी जुनं भांडण असल.

आता मुद्दा. सातवीतलं एक पोरगं हाय. आईबाप ऊसतोडीला, दिवाळीच्या पुढं टोळीबरोबर कारखान्यावर गेलेत ते पट्टा पडल्यावरच, म्हणजे हंगाम संपल्यावरच येतील, गावाकडं फक्त आजी. सर त्याला पहिल्यापासून लई जवळ करायलेत. आधी बूट घेऊन दिले, मग मोबाईल. बाकी पोरांना मोबाईल बंदी अन याच्याकडं मोबाईल. रात्री जेवणं झाली की खोलीत बोलावतात, पायाची मालिश करायची म्हणून, आणि दार आतून लावलेलं असतं. परवा विभागीय स्पर्धेला गेलतो तर लॉजवर सगळी पोरं एका हॉलमधे आणि हे एकटं सरांच्या खोलीत, कारण काय तर म्हणे त्याला ताप हाय. ताप बीप काही नव्हता, दुपारी चांगलं रेड मारत होतं.

परत येताना गाडीत ते माझ्या शेजारी येऊन बसलं आणि हळूच म्हणालं, "दादा, पुढच्या टायमाला मी तुमच्याजवळ झोपू का हॉलमधे?" मी म्हणलं झोप की, का रे? तर म्हणालं "काय नाय". एवढंच. पुढं बोललंच नाही.

मेसमधल्या मावशी म्हणायल्या की ताटात तसंच टाकून उठतंय. मोबाईल वाजला की दचकतंय. एकदा त्याच्या स्क्रीनवर सरांचा मेसेज दिसला, रात्री साडेअकराचा, "वाचून डिलीट कर". वर काय लिहिलेलं ते नाही दिसलं.

मी डोळ्यानं काहीच बघितलेलं नाही. अध्यक्ष सरांचे साडू लागतात, तिथं सांगून उपयोग शून्य. उद्या माझं चुकीचं निघालं तर मी एका चांगल्या माणसाला आयुष्यातून उठवलं असं होईल, आणि खरं निघालं तर पोराचं काय, बाप सरळ काढून कोयत्यावर नेईल आणि गावात तोंड काढायला जागा राहणार नाही. पोलिसात गेलो तर पहिलं मलाच विचारतील पुरावा कुठंय. नाव न सांगता कुठं कळवता येतं का? का आधी सरांशीच बोलू? झोप लागंना झालीय राव.

(एडिट: खाली वकील ताईंनी सांगितल्यावर गावाचं, स्पर्धेचं नाव काढलंय.)

बालाघाट_एक्सप्रेस

भाऊ जरा दमानं घे. मी पण तालमीत वाढलोय, मालिश कुस्ती कबड्डीत होतच असती, वस्तादाचे पाय दाबणं हा आमच्याकडं मान असतो. गरिबाच्या पोराला बूट घेऊन दिले तर त्यात पाप काय? आजकाल पोक्सो, म्हणजे लेकरांवरच्या लैंगिक अत्याचाराचा कायदा, लोकांच्या हातातलं हत्यार झालंय, एकदा नाव लागलं की निर्दोष सुटला तरी माणूस संपला. माझं ऐकशील तर आधी पक्की खात्री कर. पोराला बाजूला घे, खोदून खोदून विचार, बोललं की मोबाईलमधे रेकॉर्डिंग करून ठेव आणि मग चार मोठी माणसं घेऊन अध्यक्षासमोर बस. घरातलं घरात मिटत असंल तर कशाला चव्हाट्यावर आणायचं.

बाई_हिंगोलीच्या

वरच्या दादांचा सल्ला कृपया कुणीही ऐकू नये, खोदून विचारायचा तर मुळीच नाही. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून रिटायर झालेय, लेकरांबरोबर जन्म गेला.

मैदानवाला, त्या लेकरानं तुम्हाला सांगितलंय. लेकरं असंच सांगतात. "तुमच्याजवळ झोपू का" यापेक्षा जास्त शब्द त्या वयाच्या पोराकडं नसतात आणि पोरांना तर जास्तच लाज वाटते, कारण आपण त्यांना शिकवलेलं असतं की असलं काही पोरींनाच होतं. त्याला परत बोलावंसं वाटलं तर बोलू द्या, तुम्ही शेजारी बसा, चेहरा साधा ठेवा, "हां", "मग" एवढंच म्हणा. "सरांनी हात लावला का? कुठं लावला?" असं तुम्ही विचारायचं नाही. कारण मग ते तुमचे शब्द होतात आणि उद्या कोर्टात समोरचा वकील म्हणतो की याच दादानं पोराच्या तोंडात घातलं. रेकॉर्डिंग तर नकोच, ते पोरगं कॅमेऱ्यासमोर एकदा, अध्यक्षासमोर एकदा, चार मोठ्या माणसांसमोर एकदा, किती वेळा उघडं करणार आहात त्याला? आणि "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका. असं म्हणा की तू सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी काही चूक नाही, आणि तुला सांभाळायला ज्यांना सांगावं लागंल तेवढ्यांनाच मी सांगणार.

आजच एक वही घ्या. तारीख, वेळ, कुठं, कोण कोण होतं, पोरगं काय म्हणालं ते त्याच्याच शब्दात. गाडीतलं ते वाक्य पण जसंच्या तसं. तुमचं मत त्यात लिहू नका, "सर नराधम आहेत" वगैरे काही नको, "दार आतून लावलेलं होतं" एवढं पुरतं.

घरातलं घरात मिटवणं कसं असतं ते पण सांगते. आमच्या भागातल्या एका खाजगी शाळेत एका शिक्षकाबद्दल पालक बोलायला लागले. संस्थेनं काय केलं, राजीनामा मागितला. वर निरोप समारंभ, शाल, श्रीफळ, भाषणं. पुढच्या जूनला तो माणूस शेजारच्या तालुक्यातल्या दुसऱ्या शाळेत हजर, हातात चांगल्या वर्तणुकीचा दाखला. तिथल्या लोकांना काय माहीत? मिटलं ते फक्त संस्थेसाठी. त्या दाखल्यावर सही करणाऱ्याला अजूनही गावात मान आहे याचा मला आजपण राग येतो.

काळा_कोट_अंबाजोगाई

आधी एक काम करा, पोस्टमधून गावाचं आणि स्पर्धेचं नाव काढा. सातवी, कबड्डी, आईबाप ऊसतोडीला आणि वर गावाचं नाव, एवढ्यावर त्या भागातला कुणीही पोरगं ओळखेल. पीडित बालकाची ओळख उघड होईल असं काही छापणं, पसरवणं पोक्सोच्या कलम 23 खाली गुन्हा आहे आणि पुढं जाऊन हे तेच प्रकरण ठरू शकतं.

आता कायद्याचं. 2012 चा पोक्सो कायदा 18 वर्षांखालच्या प्रत्येकाला लागू आहे, मुलगा असो मुलगी असो, यात फरक नाही. हे अजून कित्येक पोलीस पाटलांना पण माहीत नसतं. कलम 19 बघा. त्यात असं म्हणलेलं नाही की पुरावा गोळा करून या. गुन्हा झालाय हे कळलं असेल तर आणि होईल अशी धास्ती वाटत असेल तरीसुद्धा विशेष बाल पोलीस पथकाला किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला कळवायचं, एवढंच. खात्री करणं हे तपास अधिकाऱ्याचं काम, तुमचं नव्हे. त्याच कलमात पुढं स्पष्ट लिहिलंय की चांगल्या हेतूनं माहिती देणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कसलीच जबाबदारी येत नाही. म्हणजे उद्या तपासात काही निघालं नाही तरी सर तुमच्यावर बदनामीचा दावा लावून तुम्हाला उभं आडवं करू शकत नाहीत. शिक्षा आहे ती मुद्दाम खोटं सांगणाऱ्याला, कुणाला बदनाम करायला, पैसे उकळायला, धमकवायला. तुमच्या पोस्टमधे तसं काही नाही, उलट तुम्ही सरांचं चांगलंच जास्त लिहिलंय.

न सांगणाऱ्यालाही शिक्षा आहे. कलम 21, गुन्हा झाल्याचं कळूनही गप्प बसला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. संस्थेचा प्रमुख असेल आणि हाताखालच्या माणसाचं झाकलं असेल तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. हे साडू महाशयांना लागू होतं. अकॅडमी खाजगी आहे, नोंदणी आहे का नाही, याचा इथं काही संबंध नाही. आणि हे कागदावरच राहतं असं समजू नका. चंद्रपूर जिल्ह्यात राजुऱ्याच्या एका वसतिगृहाचं प्रकरण होतं, तिथल्या मुलींना तपासणाऱ्या डॉक्टरवर न कळवल्याचा गुन्हा होता, हायकोर्टानं तो रद्द केला आणि सुप्रीम कोर्टानं नोव्हेंबर 2022 मधे परत उभा केला, वर म्हणलं की कळूनही न कळवणं हाच गंभीर गुन्हा आहे. बदलापूरला 2024 मधे शाळेच्या पदाधिकाऱ्यांवर सुद्धा याच कारणानं गुन्हा लागला.

मालिशबद्दल. मालिश म्हणजे गुन्हा असं नाही, बालाघाट दादांचं तेवढं बरोबर आहे. कायदा बघतो हेतू. पण ज्याच्या ताब्यात पोरगं आहे, ज्याच्या शब्दावर टीममधे निवड होते, त्यानं लैंगिक हेतूनं हात लावला तर तो साध्या कलमात बसत नाही, गंभीर प्रकारात जातो आणि कमीत कमी पाच वर्षं आहे. कपड्यावरून लावला म्हणून सुटका नाही, तो वाद सुप्रीम कोर्टानं नोव्हेंबर 2021 मधेच संपवलाय. लैंगिक हेतूनं लेकराला फोनवरून सतत गाठणं, मेसेज करणं हे सुद्धा कलम 11 मधे येतं, हात लागलेला नसला तरी.

आणि एक, कुणीतरी खाली म्हणेलच की संस्थेच्या विशाखा समितीकडं द्या. ती समिती नोकरी करणाऱ्या बायकांसाठी आहे, लेकराच्या प्रकरणात ती पोलिसांच्या जागी बसत नाही. सरांशी तर अजिबात बोलू नका. बोललात की रात्रीत मोबाईल साफ होतो आणि पोरगं गप्प होतं.

लातूरकर_पालक

हे वाचून अंगावर काटा आला. बीडला जून 2025 मधे क्लासच्या दोन शिक्षकांवर पोक्सो लागला तेव्हा आमच्या पालकांच्या ग्रुपवर लई चर्चा झाली, पंधरा दिवसांनी सगळे परत टेस्ट सिरीजच्या मार्कांवर. मी मात्र पोरीच्या क्लासला जाऊन विचारलं की शिकवणाऱ्यांची, होस्टेलच्या वॉचमनची पोलीस पडताळणी केलीय का. काउंटरवरचा माणूस माझ्याकडं असा बघायला लागला की मी फी माफ करा म्हणलंय. वकील ताई, ही पडताळणी सक्तीची आहे का फक्त शाळांना?

काळा_कोट_अंबाजोगाई

पोक्सोचे 2020 चे नियम वाचा. ज्या संस्थेत लेकरं राहतात किंवा नेहमी येतात, शाळा, पाळणाघर, क्रीडा अकॅडमी, सगळ्यांनी कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी ठराविक काळानं करायची आणि बाल संरक्षणाचं लेखी धोरण ठेवायचं असं त्यात आहे. शाळांसाठी राज्य सरकारचे वेगळे आदेश, लेकरांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती 2022 मधली, मग बदलापूरनंतर ऑगस्ट 2024 मधे सीसीटीव्ही, तक्रार पेटी, आणि असं काही घडलं तर 24 तासात वर कळवणं. पण पडताळणीवर फार विसंबू नका. त्यात फक्त ज्याच्यावर आधी गुन्हा नोंदलाय तोच सापडतो. शाल श्रीफळ घेऊन गेलेला तो हिंगोलीकडचा शिक्षक पडताळणीत स्वच्छच निघणार.

गोदाकाठ_नांदेड

मी काही वर्षं चाइल्डलाइनला, म्हणजे लेकरांसाठीच्या हेल्पलाइनला काम केलंय, त्यामुळं फोन केल्यावर नेमकं काय होतं ते सांगतो, लोकांना त्याचीच जास्त भीती असते.

नंबर 1098. फुकट आहे, चोवीस तास चालू. 2023 पासून हे सरकारच चालवतं, 112 या तातडीच्या नंबरशी जोडलेलं आहे, जिल्ह्यात जिल्हा बाल संरक्षण कक्षाची माणसं येतात. तुमचं नाव सांगायची सक्ती नाही. सांगितलंत तर गुप्त ठेवतात, आणि मी म्हणेन निदान एक नंबर द्या, कारण नंतर काही विचारायचं असलं तर दोर तुटतो. तुम्हाला विचारतील पोराचं वय काय, आत्ता कुठं आहे, आज रात्री सुरक्षित आहे का, तो माणूस कोण, तुम्ही काय पाहिलं काय ऐकलं. "पुरावा आहे का" हा प्रश्न आम्ही कधीच विचारत नव्हतो. आज रात्रीच धोका आहे असं वाटलं तर मग वाट बघू नका, सरळ 112.

पुढं टीम पोराला भेटते. समजूतदार माणसं असतील तर अकॅडमीत जीप घेऊन जात नाहीत, शाळेत भेटतात, वर्ग शिक्षिकेच्या मदतीनं, दुसऱ्याच कारणानं बोलावून. सगळे समजूतदार असतात असं मी म्हणणार नाही, मी दोन्ही प्रकारचे पाहिलेत, म्हणून फोनवर तुम्हीच सांगा की शाळेत भेटा, अकॅडमीत जाऊ नका. बोलण्यातून गुन्ह्याचं काही पुढं आलं की पोलीस. जबाब घरी किंवा लेकरू म्हणेल तिथं घ्यायचा, पोलीस साध्या कपड्यात, शक्यतो महिला अधिकारी, आणि पोराला ज्याचा भरवसा वाटतो असं माणूस शेजारी. आरोपी समोर येता कामा नये. पोलिसांनी 24 तासांच्या आत बाल कल्याण समितीला आणि विशेष कोर्टाला कळवायचं असतं. समिती पोराबरोबर एक मदतनीस व्यक्ती देऊ शकते, कोर्टाचं संपेपर्यंत ती बरोबर राहते, ही सोय असते हे लोकांना माहीतच नसतं म्हणून मागत नाहीत, मागून घ्या.

लोकांना वाटतं की तक्रार केली की लेकराला उचलून बालगृहात टाकतात. असं नाही. आजी सांभाळायला तयार आहे, घर सुरक्षित आहे, तर समिती बहुतेक वेळा घरीच ठेवते.

मोबाईलचं जपून. हिसकावून घेऊ नका, तपासू नका, काही डिलीट करू नका. चुकून पोराचा काही घाणेरडा फोटो दिसलाच तर तो स्वतःच्या मोबाईलवर घेऊ नका आणि "बघा बघा" म्हणून कुणाला पाठवू तर अजिबात नका, तसा फोटो ठेवणं पाठवणं हाच गुन्हा आहे, मदत करायला गेलेले लोक यात अडकलेत. पोलिसांना सांगायचं की मोबाईल आहे, ते बघतील.

आणि फोन करेपर्यंतच्या मधल्या रात्री? तुम्ही तिथले माणूस आहात ना, मग हॉलमधे मुक्काम टाका. स्पर्धा जवळ आली, रात्रीचा सराव बघायचाय, काहीही कारण. मालिश हॉलमधेच सगळ्यांसमोर व्हायची अशी सवय पाडा, सगळ्या पोरांसाठी, त्या एकाचं नाव न घेता. चांगल्या अकॅडमीत हे असंच असतं, दार उघडं, दोन मोठी माणसं हजर, दौऱ्यावर कोच वेगळ्या खोलीत, मेसेज पालकांच्या ग्रुपवर, खाजगी नाही. ज्या कोचच्या मनात काही नाही तो याला एका मिनिटात हो म्हणतो. पण हे फक्त मधल्या वेळेपुरतं, फोन टाळायला नाही.

बालाघाट_एक्सप्रेस

ठीक आहे, रेकॉर्डिंगचं मागं घेतो. पण माझा प्रश्न तसाच हाय, समजा तपास झाला आणि सर निर्दोष निघाले, मग? त्यांची अब्रू कोण भरून देणार? तुम्ही सगळे असं धरून चाललात की केलंच आहे.

बाई_हिंगोलीच्या

मी असं धरलेलं नाही दादा, म्हणूनच तर म्हणते गावात बोलू नका, अध्यक्षासमोर चार माणसं बसवू नका. अब्रू जाते ती पारावर आणि व्हॉट्सअपवर जाते. 1098 ला केलेला फोन गावाला ऐकू जात नाही. तुमच्या बैठकीत मात्र चार माणसं, त्यांच्या चार बायका, संध्याकाळपर्यंत सगळी पेठ. सर निर्दोष असले तर त्यांनासुद्धा हाच रस्ता बरा. गावात असंच होतं, सकाळी निघालेली गोष्ट रात्री दुप्पट.

टोळीतला_बाप

मी स्वतः ऊसतोड करतो, आत्ता कारखान्यावरच हाय, धारूरकडचा. माझं लेकरू गावाकडं हंगामी वसतिगृहात असतं. हे वाचून दोन दिस झाले डोक्यातून जाईना. सगळे म्हणायलेत बाप काय करील. मी सांगतो. बापाला राग येणार, आधी पोरावरच येणार, कारण तेच जवळ सापडतं. म्हणून फोन मुकादमाच्या मोबाईलवर करू नका, अख्ख्या टोळीला कळतं. बापाला एकट्याला गाठा, गाडी भरून झाल्यावर, जेवणाच्या टायमाला, फडात असताना नको. शक्य असल तर आईलाच आधी सांगा. आणि फोन अशा माणसानं करावा ज्याला बाप मानतो, शाळंचे गुरुजी नाहीतर मामा. हे पण सांगा की पोराची शाळा बंद करायची गरज नाही, सरकारी माणूस बरोबर हाय. आम्ही उचल घेतलेली असती, मधेच कोयता खाली ठेवून निघता येत नाही, आलो तर मुकादम पैसे मागतो. त्यामुळं तो लगेच आला नाही तर असं नका समजू की त्याला पोराची काळजी नाही.

वकील ताईला विचारायचं, बाप नको म्हणला तर तक्रार थांबती का?

काळा_कोट_अंबाजोगाई

नाही थांबत. कळवायला बापाची परवानगी लागत नाही, कुणीही कळवू शकतो, शेजारी, शिक्षक, मेसवाल्या मावशी सुद्धा. बाप बरोबर असला तर पोराला बळ येतं, म्हणून तो हवाच, पण त्याच्यासाठी अडून बसायचं नाही. तुम्ही जे लिहिलंय ते आमच्या कुठल्या पुस्तकात नाही, धन्यवाद दादा.

मैदानवाला

सगळ्यांचे आभार. थोडंच लिहितो, वकील ताईंनी मेसेज करून सांगितलंय की आता इथं जास्त लिहू नको.

1098 ला फोन लावला. मला वाटलं होतं की कुणी पोऱ्या उचलंल आणि फॉर्म भरल्यासारखं विचारंल. बाई होत्या. त्यांनी पहिलं हेच विचारलं की पोरगं आज रात्री कुठं झोपणार. त्या रात्री मी हॉलमधेच अंथरूण टाकलं. वहीतलं सगळं वाचून दाखवलं, त्या मधे मधे थांबवून लिहून घेत होत्या. मेसच्या मावशींना सांगितलं तर त्या म्हणाल्या मला लई दिवस झाले कळायलंय, पण आम्हा भाकरी थापणाऱ्या बाईचं कोण ऐकणार. त्यांनी पण त्यांचं सांगितलंय, त्यांच्या तोंडानं, मी फक्त फोन लावून दिला. दुसऱ्याच दिवशी टीमनं पोराला शाळेत गाठलं. हेडमास्तर चांगले निघाले, स्वतः बाजूला बसून राहिले आणि कुणाला आत येऊ दिलं नाही. पोरगं काय बोललं ते मला माहीत नाही आणि मी विचारलं पण नाही. आता ते आजीकडं हाय. मामानं बापाला फोन केला, वरच्या दादांनी सांगितलं तसंच, रात्री जेवणाच्या टायमाला.

आता माझं. अध्यक्षांनी मला उद्यापासून मैदानावर यायचं नाही म्हणून सांगितलंय, कारण दिलं नाही. ठाण्यात बोलावलंय मला जबाबाला. तिथला एक हवालदार फोनवर म्हणाला की साहेब बाहेर हाईत, आधी सगळे बसून बोला, मग बघू. काय करू?

काळा_कोट_अंबाजोगाई

बसून बोलायला जाऊ नका. पोक्सोची माहिती आली की तिला नोंद क्रमांक देऊन लिहून घ्यायची, सांगणाऱ्याला वाचून दाखवायची, हे पोलिसांवर बंधनकारक आहे आणि नोंदवली नाही तर कलम 21 त्यांनाही लागतं. हे हवालदाराला नाही, ठाणेदाराला सांगा, शांतपणे, भांडू नका. एक लेखी अर्ज घेऊन जा, दोन प्रती, एकीवर शिक्का आणि तारीख घ्या. घेतलाच नाही तर तोच अर्ज रजिस्टर पोस्टानं पोलीस अधीक्षकांना, नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मधे ती सोय आहे, आणि त्यानंतरही काही हाललं नाही तर कोर्ट आहे. जिल्हा बाल संरक्षण अधिकाऱ्यांना पण त्याच दिवशी एक प्रत द्या, मग ठाण्यात फोन त्यांच्याकडून जातो.

जबाबात फक्त वहीतलं. तुम्हाला काय वाटलं हे विचारलं तर म्हणा जे पाहिलं ऐकलं तेवढं सांगतो. सही करायच्या आधी पूर्ण वाचा, न म्हणलेला शब्द आत गेला असेल तर बदलून घ्या. मैदानाचं नंतर बघू, तुमचं मानधन कुठल्या खात्यातून येत होतं तेवढं मला मेसेजमधे कळवा.

गोदाकाठ_नांदेड

अजून एक, हॉलमधे राहिलेल्या बाकीच्या पोरांचं. तुम्ही मैदानावर नाही म्हणजे आता तिथं रात्री कोण आहे? 1098 ला परत फोन करून हे कळवा, आधीचा केस नंबर सांगून. एका पोराला बाजूला काढलं की बऱ्याचदा त्या जागी दुसऱ्याला जवळ केलं जातं, हे मी पाहिलंय. टीमनं बाकीच्यांशी पण बोलावं अशी मागणी करा, मावशी अजून तिथं आहेत ना, त्यांचा नंबर टीमला देऊन ठेवा.

मैदानवाला

मावशी हाईत. आत्ताच फोन लावतो.